खाजणापलीकडे गेलेली दोघं

(अकादिया, सन १७५५. उन्हाळा सरत आलेला. नदीवरच्या लढाईनंतरचा दुसरा दिवस, भर दुपार. काठाच्या देवदारांत फ्रेंच वंशाचा अकादी शेतकरी बेनोनी जखमी होऊन पडला आहे. त्याच्याजवळ मिकमाक जमातीची अकात बसली आहे.)

बेनोनी : पण पेलाजीला बरोबर न्यायची गरज काय होती, एवढंच माझं म्हणणं. वाट सोसेपला ठाऊक, खाजण त्याला ठाऊक. एकटा गेला असता तर एव्हाना परत आला असता.

अकात : पाय हलवू नकोस.

बेनोनी : हलवत नाहीये. ठणकतोय.

अकात : मांडीतून गोळी आरपार गेली की ठणकतं. राळ ओली आहे अजून. सुकू दे.

बेनोनी : मी काय विचारलं?

अकात : ऐकलं. सकाळपासून तेच ऐकतेय. तुझा बाप तळघरात बसलाय. डोक्यावर घर जळलं त्याच्या. वरून कुणी पुरुषाने हाक मारली तर उघडेल का तो? सुनेचा आवाज पाहिजे. सुनेशिवाय त्याचा कुणावर विश्वास नाही.

बेनोनी : मी मुलगा आहे त्याचा.

अकात : तुझ्यावर पण नाही.

बेनोनी : ...ते खरं आहे म्हणा. मी बांधलेलं कुंपणसुद्धा हलवून बघतो म्हातारा. पण म्हणून माझ्या बायकोने तुझ्या नवऱ्याबरोबर अंधारात उठून जायचं? आणि मला न उठवता?

अकात : मला पण नाही उठवलं.

बेनोनी : तू झोपली होतीस?

अकात : नाही. डोळे मिटून पडले होते. दोघं कशी जातात ते बघत होते.

बेनोनी : कशी गेली?

अकात : गुपचूप. ती काही बोलली नाही, तो काही बोलला नाही. त्याने नुसती मान हलवली आणि ही उठली. माझ्या नवऱ्याला मला उठवायचं असलं तर तीनदा हाक मारतो, वर लाथ मारतो. हिला मान पुरते.

बेनोनी : बघ! मी एकटाच वेडा नाही म्हणजे.

अकात : मी कुठं म्हटलं तू वेडा आहेस म्हणून?

बेनोनी : काल तूच म्हणालीस. पाय बांधताना.

अकात : ते वेगळ्या कारणासाठी. पाणी घे.

बेनोनी : उन्हं डोक्यावरून गेली. ओहोटीला गेली होती ना ती? आता तर भरती लागायची वेळ झाली. बाकीची सगळी माणसं वरच्या नदीला निघून गेली. पोरींना माझ्या बहिणीने नेलं. तो फ्रेंच सरदार सांगून गेलाय, भरतीच्या पाण्याबरोबर जे वर येतील ते येतील, कुणासाठी थांबायचं नाही. तू का थांबलीस?

अकात : तुझा पाय सांभाळायला.

बेनोनी : खरं सांग.

अकात : परत येताना पुढं कोण चालतंय आणि मागं कोण, ते मला बघायचंय.

बेनोनी : त्याने काय होतं?

अकात : वाट माहीत असलेला माणूस पुढं चालतो. सोसेप माझ्याबरोबर निघाला की सदा पुढं. पाठ बघून बघून मी म्हातारी झाले. तो जर आज मागं असला, तर तो वाट बघत नाहीये. दुसरंच काही बघतोय.

बेनोनी : भलतंच काही डोक्यात घालू नकोस माझ्या. आधीच कमी नाहीये.

अकात : तूच विचारलंस.

बेनोनी : ती म्हणते, 'भाऊ आहे तो माझा.' आई वारली तेव्हा एवढीशी होती. बाप गलबतावर. तुझ्या सासूने वाढवली तिला, तुमच्या भूर्जसालीच्या झोपडीत. सोसेपच्या ताटात जेवली, सोसेपबरोबर वाम मासे पकडायला शिकली. भाऊच झाला की.

अकात : मला वहिनी म्हणते ती.

बेनोनी : हां. मग?

अकात : दर वाक्याला म्हणते. 'वहिनी, बस.' 'वहिनी, घे.' 'वहिनी, येते.' ज्याची खात्री असते ते माणूस इतक्यांदा म्हणत नाही, पाव्हण्या.

बेनोनी : ...तुझी जीभ म्हणजे माशाचा गळ आहे, अकात. आत जाते सहज. बाहेर येताना मांस घेऊन येते.

अकात : काल काय झालं ते सांग मला. नीट, पहिल्यापासून. मी रानात बायांबरोबर होते. आवाज ऐकले, धूर बघितला. सोसेपला विचारलं तर म्हणाला, 'लढाई झाली.' एवढंच.

बेनोनी : आता सांगायचं काय त्यात? इंग्रज भरतीच्या पाण्यावर गलबतं घेऊन वर आले. खालच्या वस्त्या जाळत जाळत. त्यांना आम्ही तिथं नकोच आहोत. ज्यांना धरलं त्यांना गलबतात कोंबून कुठल्या कुठं नेलं म्हणतात. आम्ही रानाच्या कडेला पोटावर पडून बघत होतो. थोडे फ्रेंच शिपाई, आम्ही शेतकरी, आणि तुमची माणसं. तुमची जास्त. माझ्या डाव्या हाताला सोसेप. सरदाराने सांगितलेलं, हाक येईपर्यंत कुणी हलायचं नाही.

अकात : सोसेप हलला नाही?

बेनोनी : दगडासारखा पडून होता. माझी वस्ती पेटली तरी कुणी हललं नाही. अकात, माझं धान्याचं कोठार पेटलं, नव्या पेंढ्याचं, आणि मी मूठभर गवत तोंडात कोंबून बघत बसलो. मग ते देवळाला आग लावायला गेले. थोडेच गेले, बाकीचे लांब होते. तेव्हा हाक आली. तुमची माणसं जी ओरडत उठली ना, माझेच केस उभे राहिले. इंग्रज पळाले ते थेट माझ्या बांधाआड.

अकात : तुझ्या?

बेनोनी : माझ्या! माझ्या आज्याने घातलेला बांध. दर वसंतात चिखल थापून थापून माझी पाठ वाकली, समुद्राचं पाणी शेतात येऊ नये म्हणून. आणि त्याच्याच आड बसून ते माझ्यावर गोळ्या झाडतात! त्यांच्या होड्या तर चिखलात बसलेल्या, ओहोटी होती. पळायला पाणीच नाही. भरती येईपर्यंत अडकले तिथं. खूप पडले त्यांचे. आपला एकच गेला, वरच्या वस्तीचा.

अकात : आणि सोसेप?

बेनोनी : तेच सांगतोय. आम्ही दोघं झुडपाआड. मी बंदूक भरतोय. हा एकदम मान वर करतो. माझ्या घराकडे बघतो. आणि उठून पळत सुटतो.

अकात : घराकडे.

बेनोनी : माझ्या घराकडे. मला वाटलं याला वेड लागलं. तिथं काय ठेवलंय? बाया सगळ्या रानात, तुझ्याजवळ. पेलाजी तुझ्याजवळ असायला हवी होती!

अकात : माझ्याजवळच होती. धूर बघितला आणि म्हणाली, म्हातारा तळघरात राहिलाय, घेऊन येते. मी हात धरला. सोडवून गेली.

बेनोनी : तुला सांगून गेली.

अकात : हो.

बेनोनी : सोसेपला कुणी सांगितलं?

अकात : सोसेप तुझ्याजवळ होता.

बेनोनी : मग त्याला कळलं कसं?

अकात : तेच रात्रभर मी विचारतेय स्वतःला.

बेनोनी : तळघरापर्यंत जाताच येईना, तिला आगीतून ओढून परत आणली, तेव्हा म्हणाला, धुरात तिची टोपी दिसली. पांढरी टोपी. अकात, मी पण तिकडेच तोंड करून होतो. माझंच घर, माझीच बायको, आणि मला दिसत होता नुसता धूर!

अकात : म्हणून तू उभा राहिलास.

बेनोनी : काय?

अकात : सगळे झोपून गोळ्या मारत होते. तू एकटा उभा राहिलास, म्हणून लागली. गोळी इंग्रजाची. उभं केलं ते तुझ्या पोटातल्या आगीनं. यासाठी वेडा म्हणाले मी काल.

बेनोनी : बायको जळत्या घराशी उभी आहे आणि मी झोपून राहू?

अकात : तुला तेव्हा माहीत होतं ती तिथं आहे ते? तू सोसेपच्या मागं उठलास. बायकोच्या मागं नाही. तोंड फिरवू नकोस. तुला बोल लावत नाहीये. मी असते तर मीही उठले असते. आणि माझा नेम चुकत नाही.

बेनोनी : कुणावर धरला असतास?

अकात : बरं झालं मी तिथं नव्हते.

बेनोनी : तू हसतेस? मला आज बारा वर्षांत एकदाही याचं हसू आलं नाही. दर वसंतात तो येतो. होडी काठाला लावतो, दोन वामा नाहीतर एखादं कातडं उंबऱ्यावर टाकतो आणि माझ्या अंगणात त्या ओंडक्यावर बसतो. ती हातातलं काम टाकून बाहेर येते. वाटाण्याचं कढण त्याला आधी. मग दोघं बोलत बसतात तुमच्या भाषेत. आणि हसतात! माझ्याशी बोलताना ती हसते, नाही असं नाही. पण ते हसू निराळं. ते पोटातून येतं. मी विचारतो, काय ग, कशाला हसलात? तर म्हणते, ते आपल्या भाषेत सांगता येत नाही. आता काय करायचं माणसाने?

अकात : आमची भाषा शिकायची.

बेनोनी : या वयात?

अकात : मी शिकले तुमची. माहीत आहे का शिकले?

बेनोनी : कातड्यांच्या देवघेवीला.

अकात : देवघेवीला बोटं पुरतात. नवरा दर वसंतात तुझ्या अंगणात जाऊन बसतो, काय बोलतो ते कळायला नको? दोन हिवाळे पाद्रीबाबाच्या मागं लागून शिकले. 'मी येते, तू येतेस, ती येते.' जीभ सुजली माझी. मग एकदा सोसेपबरोबर आले तुमच्याकडे, कान टवकारून बसले. आणि ती दोघं बोलतायत आमच्याच भाषेत!

बेनोनी : म्हणजे...

अकात : दोन हिवाळे फुकट.

बेनोनी : अग देवा! म्हणजे तू सगळं ऐकलंयस. इतकी वर्षं. तुला सगळं कळत होतं!

अकात : शब्द न् शब्द.

बेनोनी : मग सांग. काय बोलायची ती? सांग अकात, मी काही करणार नाही. उठता तरी येतंय कुठं मला?

अकात : वामांबद्दल.

बेनोनी : काय?

अकात : लहानपणी वाम पकडायला गेली होती. वाम तिच्या बाहीत शिरली. ती नाचत सुटली, सोसेप तिला धरायला गेला आणि दोघं चिखलात पडली. हेच. दरवर्षी हेच. कधी वाम बाहीत शिरते, कधी पाठीत. सासूबाईंची नक्कल करतात. म्हाताऱ्या कुत्र्याची आठवण काढतात.

बेनोनी : एवढंच? बारा वर्षं मी या वामेवर जळतोय?

अकात : तुला बरं वाटलं.

बेनोनी : वाटणार नाही तर काय! काही वावगं नव्हतंच म्हणजे.

अकात : मला बरं नाही वाटलं. वावगं बोलली असती तर मी केस धरून ओढली असती तिला. वावग्याशी भांडता येतं. वामेशी काय भांडू? माझ्या नवऱ्याचं लहानपण तिच्याकडे आहे. मी मागितलं तर तो देणार नाही. त्याला वाटतं, तिला सांगून झालं, आता संपलं.

बेनोनी : तुला कधी सांगितली नाही त्याने ती वामेची गोष्ट?

अकात : एकदा विचारलं होतं. म्हणाला, 'काही नाही ग, लहानपणीचं.'

बेनोनी : ...हं. हेच माझं. 'आपल्या भाषेत सांगता येत नाही.'

अकात : झोप जरा. तोंड पांढरं पडलंय तुझं.

बेनोनी : झोप येत नाही. एक विचारू? एका वसंतात, चार वर्षं झाली असतील, मी बांधातल्या उघाडीचं दार दुरुस्त करत होतो. भरतीचं पाणी आत यायला लागलं होतं, झडप कुजली होती. वर बघतो तर अंगणात सोसेप ओंडक्यावर बसलाय, डोकं खाली घालून. आणि पेलाजीने त्याच्या डोक्यावर हात ठेवलाय. नुसता ठेवलेला. खूप वेळ. मी चिखलात गुडघाभर उभा, हातात हातोडा. वाटलं जावं वर आणि...

अकात : गेलास?

बेनोनी : नाही. तो गेल्यावर गेलो. जेवलो नाही. ती विचारायला आली तर म्हटलं, 'तुझ्या मिकमाकाला वाढ जा.' आठवडाभर बोललो नाही तिच्याशी. ते काय होतं, अकात?

अकात : मी होडीत होते.

बेनोनी : त्या दिवशी?

अकात : होडी काठाला बांधून बसले होते. उतरले नव्हते. उतरायचं बळ नव्हतं.

बेनोनी : का?

अकात : त्या हिवाळ्यात आमची मुलगी गेली. मातेल. चालायला लागली होती. खोकला झाला आणि गेली. बर्फ एवढं होतं, की पुरायलाही जमीन मिळेना. वसंत येईपर्यंत झाडावर बांधून ठेवली तिला, भूर्जसालीत गुंडाळून. सोसेपने एक टिपूस काढलं नाही. शिकारीला जायचा, यायचा, जेवायचा. मी रडले की बाहेर जायचा. मला वाटलं, याला काळीज नाही. मग बर्फ वितळलं, आम्ही तिला पुरली आणि तो म्हणाला, चल खाली. तुझ्या अंगणात जाऊन बसला. आणि तिथं रडला. पोरासारखा हुंदके देऊन. मला होडीत ऐकू येत होतं.

बेनोनी : मला... मला कुणी सांगितलंच नाही. तुमची मुलगी गेली हे मला कुणी...

अकात : तू विचारलंस?

बेनोनी : नाही.

अकात : माझं लेकरू. माझ्या पोटातलं. आणि त्याचं रडणं तिला मिळालं. तिने चोरलं नाही, माहीत आहे मला. तिने फक्त हात ठेवला. पण मी तिला त्या हातासाठी माफ केलेलं नाही, पाव्हण्या. करणार पण नाही.

बेनोनी : थांब. ऐकलंस?

अकात : गप्प.

बेनोनी : बंदूक.

अकात : गप्प म्हटलं ना!

बेनोनी : पुन्हा! खालच्या अंगाला, खाजणातून. पण इंग्रज तर गेले ना काल? भरती आली तशी होड्या काढून गेले सगळे, मी स्वतः बघितलं.

अकात : सगळे मोजलेस?

बेनोनी : जा तू, अकात. मला सोड इथं. जा बघ.

अकात : कुठून जाऊ? ती होडीने येणार का रानातून, मला माहीत नाही. एका वाटेने मी गेले आणि दुसरीने ती आली, तर? ऐक अजून काही येतंय का.

बेनोनी : नाही.

अकात : नाही.

बेनोनी : शिकारीसाठी कुणी झाडली असेल. आपलाच कुणीतरी. असू शकतं ना?

अकात : असू शकतं.

बेनोनी : अकात, एक सांगू? वाईट आहे.

अकात : सांग.

बेनोनी : आवाज ऐकला तेव्हा पहिलं मनात काय आलं माहीत आहे? ती मेली असेल असं नाही आलं. आलं ते हे, की मरताना शेवटचं तोंड ती त्याचं बघेल. माझं नाही. म्हटलं होतं ना, वाईट आहे म्हणून. थुंक माझ्यावर.

अकात : कशी थुंकू? माझ्या मनात पण तेच आलं.

बेनोनी : तुझ्याही?

अकात : मुलगी गेली, रडणं तिला मिळालं. आता मरणही तिलाच मिळणार. असं आलं. अजून तेच येतंय. वाटतंय, जिवंत येऊ देत दोघं, मग हात धरून पळून गेली तरी चालेल. लगेच वाटतं, नाही, चालणार नाही. एका दमात दोन्ही.

बेनोनी : पाद्रीबाबाला हे सांगता येणार नाही.

अकात : त्याला बायको नाही. त्याला काय कळणार!

बेनोनी : भरती लागली बघ. पाण्याचा आवाज बदलला.

अकात : हं.

बेनोनी : ती आली नाहीत तर तू जा. होडी आहे तुझी. मी मनाला लावून घेणार नाही.

अकात : तू लावून घेणार नाहीस? मांडीला भोक पडलंय, बायको गेलीय, बाप गेलाय, आणि मनाला लावून घेणार नाही? शहाणपणा करू नकोस. कुणीतरी येतंय.

बेनोनी : कुठून?

अकात : रानातून. एकच माणूस आहे. पाय ओढत येतंय.

बेनोनी : तो की ती?

पेलाजी : अकात.

बेनोनी : पेलाजी! पेलाजी, इकडे ये. बा कुठं आहे? एकटीच कशी?

पेलाजी : बा जिवंत आहे. रानाच्या कडेला बसवलाय, चालवत नाही त्याला. मला पाणी... नको, पाणी नको. अकात...

बेनोनी : हे रक्त कसलं? तुला लागलंय!

अकात : तिचं नाही ते. तिचं असतं तर ती इथवर आली नसती. कुठं आहे तो?

पेलाजी : खाजणात. आमच्या उघाडीपाशी, बांधाला लागून.

अकात : जिवंत?

पेलाजी : नाही.

बेनोनी : देवा रे.

अकात : तू गप्प बस. सांग मला. सगळं सांग. उभी राहूनच सांग, बसलीस तर सांगायची नाहीस.

पेलाजी : बाने दार उघडलं, लगेच. मी हाक मारल्याबरोबर. पण त्याचे पाय आखडले होते, धुराने छाती भरली होती. सोसेप म्हणाला, पाठीवर घेतो. घेतला. बांधाच्या आतल्या कडेने येत होतो. वळणावर चिखलात एक होडी होती इंग्रजांची, कालची, फुटलेली. आम्ही जाताना बघितली होती. रिकामी वाटली. अकात, आम्हाला रिकामी वाटली.

अकात : पुढं.

पेलाजी : तिच्याआड माणसं होती. राहून गेलेली, दोघं की तिघं. पहिली गोळी डोक्यावरून गेली. सोसेप म्हणाला, 'पळ.' मी पळाले नाही. बा त्याच्या पाठीवर, त्याला पळता येईना. दुसरी मानेत लागली. इथं. तो गुडघ्यावर बसला. बाला टाकलं नाही त्याने. हळूच बसला, जसं पोतं उतरवतात तसं, आणि बाचे पाय जमिनीला लागल्यावर मग कलंडला.

अकात : काय म्हणाला?

पेलाजी : काही नाही.

अकात : काहीतरी म्हणाला असेल.

पेलाजी : मानेत लागली होती, अकात. वेळच नव्हता. मी हात लावला तेव्हा संपलं होतं. ती माणसं आमच्यापेक्षा जास्त घाबरलेली होती, बंदूक टाकून खाली पळाली. मी बाला ओढत आणलं बांधाआडून. दोघांना एकदम नाही ओढता आलं. मी... जिवंत माणसाला आणलं.

अकात : खोटं तरी बोलायचंस. माझं नाव घेतलं म्हणून सांगायचंस.

पेलाजी : तुला? तू खोटं धरलं असतंस माझं.

अकात : हो. धरलं असतं.

बेनोनी : माझ्या बापाला पाठीवर घेऊन मेला तो. माझ्या बापाला! ज्याने त्याला कधी उंबऱ्याच्या आत... आणि मी सकाळपासून इथं पडून त्याच्याबद्दल काय काय...

अकात : आता नको, बेनोनी. तू आता बोललास तर मला राग येईल. रागाला वेळ नाही. भरती लागलीय. उघाडीपाशी पाणी किती चढतं?

बेनोनी : बांधाच्या बाहेर असेल तर... पार डोक्याच्या वर.

पेलाजी : बाहेरच्या अंगाला आहे. आम्ही वळणावर तेवढंच बाहेर उतरलो होतो.

अकात : म्हणजे नेईल पाणी त्याला. होडी काढते. भरतीच्या उलट वल्हवायला दोघी लागतील. त्याला आणू, मग म्हाताऱ्याला घेऊ, मग तुला. त्याच पाण्यावर सगळी वर जाऊ.

बेनोनी : मी येतो.

अकात : रांगत येणार? पड तिथं. बंदूक जवळ घे.

बेनोनी : पेलाजी. एक मिनिट. माझ्याकडे बघ. तुझं त्याच्यावर... तू त्याला...

अकात : नाही.

बेनोनी : मी तिला विचारतोय.

अकात : आणि मी नाही म्हणतेय. उद्या विचार. वरच्या नदीला गेल्यावर विचार. म्हातारा झालास की विचार. आज नाही. आज तो माझा आहे.

बेनोनी : ...बरं.

अकात : आणि तू. अशी कोरड्या डोळ्यांनी उभी राहू नकोस माझ्यासमोर. तुझं न रडणं मला जास्त दिसतं.

पेलाजी : तुझ्यादेखत मी कशी रडू, अकात? मला कुणी हक्क दिलाय?

अकात : कुणी नाही. रड. वल्हवताना रड, हात थांबवू नकोस म्हणजे झालं. ते ओलं कातडं घे, त्याला त्यात गुंडाळायचंय. आणि ऐक.

पेलाजी : काय?

अकात : उचलताना डोक्याकडून मी धरीन. पाय तू धर.